थरथरतं बोट

मंगळवार, रात्र

आज दिवसभर कांबळे मॅडम आठवत होत्या, माझ्या पहिल्या टेस्टिंग लीड. काम सुरू करण्याआधी विचारायच्या, "आज तू कोण?" मग मी कधी थरथरत्या बोटाचे आजोबा, कधी कडेवर मूल घेतलेली बाई. तसंच ॲप वापरायचं. किती हसायचो आम्ही!

आज दवाखान्याच्या अपॉइंटमेंटच्या ॲपला मंजुरी द्यायची होती. आपोआप चालणाऱ्या टेस्टच्या स्क्रिप्ट लिहिणारा रोहन म्हणाला, "अहो मॅडम, ऑटोमेशनमध्ये सगळं हिरवं आहे, एकही टेस्ट फेल नाही. मुहूर्त बघताय का?" तरी मी आजोबा झाले. थरथरत्या बोटाने बटण दोनदा दाबलं गेलं आणि दोन अपॉइंटमेंट पडल्या. म्हणजे दुसऱ्या कुणा पेशंटची वेळ गेली असती. मंजुरी अडवली.

रोहन चिडला नाही. "भारी! हेही स्क्रिप्टमध्ये टाकतो." टाकायलाच हवं. मग मला का लागलं? काळजी पेशंटची होती की माझ्या खुर्चीची? खरंच सांगता येत नाही.

स्क्रिप्ट लिहून झाल्यावर तो आपणहून म्हणाला, "माझ्या आईला ओटीपी कधीच वेळेत सापडत नाही. तेही बघू या?"

मग हिंजवडीहून घरी नेणारी बस निघून गेली तरी आम्ही दोघं त्याची आई होऊन मन लावून चुकत बसलो.