शेवटच्या सांध्यातली पट्टी

एल्बरॉन, न्यू जर्सी
सोमवार, १० ऑक्टोबर १८८१

चिरंजीव रूबेन,

तुला बापाचा आशीर्वाद. तो तुला नको असला तरी पाकिटात घालून पाठवतो आहे, आता परत करता येणार नाही.

आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, माझा खोकला आहे तसाच. शेगडीच्या धुराड्यात पुन्हा पाखरानं घरटं केलं असावं, कारण धूर घरात येतो. उद्या चढून बघणार आहे, पण शिडीची तिसरी पायरी कुजली आहे, म्हणून धीर होत नाही. क्लीव्हलंडला थंडी लवकर पडते म्हणतात. तुझा लोकरी सदरा इथंच राहिला. नेसाकाकाच्या घरी तुला पांघरूण पुरतं का? तिथल्या रेल्वे यार्डात तुला काम मिळालं हे आईच्या पत्रावरून कळलं. माझ्या नावानं तू पत्र लिहिलं नाहीस, याबद्दल मी काही म्हणत नाही.

तू आईला लिहिलंस की जनरल गारफील्डचं अंत्यदर्शन घ्यायला तू सहा तास रांगेत उभा होतास. आईनं ते मला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तर मी झोपल्याचं सोंग घेतलं होतं, तरी वाचलं.

मी दोन हिवाळे शाळेत गेलेला माणूस. पण या माणसाबद्दल जे जे छापून आलं ते सगळं मी अडखळत का होईना, वाचलं आहे. लाकडाच्या झोपडीत जन्म. दोन वर्षांचा नाही झाला तोच बाप गेला. कालव्याच्या काठानं नावेची खेचरं हाकली, कितीदा तरी पाण्यात पडला. मग शिकला, शिकवायला लागला, लढाईत सेनापती झाला, आणि या मार्चमध्ये सगळ्या देशासमोर अध्यक्षपदाची शपथ घेऊन मागे वळला आणि आपल्या म्हाताऱ्या आईचा मुका घेतला. हे वाचताना तुझी आई रडली आणि मी धुराला शिव्या दिल्या. मार्चमध्ये शपथ, जुलैत स्टेशनावर गोळी, सप्टेंबरात शेवट. दोनशे दिवससुद्धा धड नाहीत, आणि त्यातले ऐंशी अंथरुणात. तरी मला वाटतं, खेचरं हाकणाऱ्या पोराला तिथं बसवणारा देश आपला आहे, एवढं सांगायला ते दिवस पुरले.

आता मुद्द्याचं. येत्या रविवारी चर्चच्या सभागृहात गावकरी जमणार आहेत. जनरलसाहेबांना समुद्राच्या हवेवर आणलं, तेव्हा स्टेशनापासून त्यांच्यासाठी घेतलेल्या बंगल्याच्या दारापर्यंत आपण एका रात्रीत रूळ टाकला, त्याची आठवण म्हणून. मला व्यासपीठावर बसवणार आहेत. पाद्रीबुवा स्वतः घरी येऊन सांगून गेले. "एनॉक वॉर्डेल, तुम्ही असा रूळ टाकलात की जखमी माणसाला एक हिसका बसला नाही." मी म्हणालो, "हो, हो, देवाची कृपा." ते गेल्यावर तुझी आई नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिला मी काही सांगितलेलं नाही, पण तुझ्या आईला न सांगता कळतं.

झोप लागत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

त्या रात्रीचं तुला आठवत असेलच. दुकानदार, कोळी, बंगल्यांतले साहेब, सगळे कंदील घेऊन आलेले. मी मुकादम. बंगल्याकडचा भाग तुझ्याकडे दिला होता, वळणाचा मी घेतला होता. मी फेरी मारायला आलो तर तू प्रत्येक सांध्यात मापाला पत्र्याची पट्टी घालून, मग ती काढून घेऊन, फट सोडत होतास.

मी ओरडलो, "बंद कर त्या फटी! एका गाडीपुरता रूळ आहे हा. दर फटीला चाक ठोकर खाणार, आणि आत त्या माणसाच्या अंगात गोळी आहे!"

तू मान वर न करता म्हणालास, "गाडी दुपारी येणार आहे, बाबा. उन्हात लोखंड वाढतं. त्याला जागा नको?"

"मला लोखंड शिकवतोस? चाळीस वर्षं झाली मला या कामात!"

तेवढ्यात तो डिनी क्विगली बोलला. त्याची जीभ त्याच्या पहारीपेक्षा लांब. "अहो वॉर्डेल, पोरगं तुमचंच वाक्य बोलतंय की! मागच्या उन्हाळ्यात आम्हाला हेच म्हणून झोडपत होतात."

सगळे हसले. ते हसले नसते तर मी पुढचं बोललो नसतो, असं मी पाच आठवडे स्वतःला सांगतो आहे. पण बोललो ते मीच. "माझ्या रुळावरून चालता हो. अध्यक्षाच्या दुखण्यावर हुशारी दाखवणारा पोरगा मला नको." तू हातोडा वाळूत टाकलास आणि गेलास. पहाटेच्या गाडीनं क्लीव्हलंडला गेलास, हे मला दुसऱ्या दिवशी आईकडून कळलं.

आता जे मी पाद्रीबुवांना सांगितलं नाही, आईला नाही, कोणालाच नाही, ते तुला सांगतो.

तुझे सांधे मला पुन्हा उखडून बंद करायचे होते, पण वेळ नव्हता, म्हणून ते तसेच राहिले. वळणावरचे माझे सहा सांधे मात्र मी घट्ट बसवले. टोकाला टोक, त्यातून केस जाणार नाही असे. सकाळी असं ऊन पडलं की रुळाला हात लावला तर चटका बसावा. अकराच्या सुमाराला मी वळणावर गेलो आणि रूबेन, माझा रूळ एका बाजूला वीतभर फुगून बाहेर आला होता. साप कुशीवर वळतो तसा. गाडी दोन तासांवर. त्या रुळावरून ती आली असती तर काय झालं असतं, ते मी लिहीत नाही. लिहिलं तर हात थांबेल.

आम्ही खिळे उपटले, सांधे आवळणाऱ्या फिशप्लेट सैल केल्या, रूळ सरळ केला, आणि फटी सोडल्या. तुझ्यासारख्या. लोकांनी विचारलं तर मी म्हणालो, "वाळू खचली." डिनीनं माझ्याकडे बघितलं आणि पायानं थोडी वाळू रुळाखाली ढकलली.

एक वाजता गाडी आली. शेवटच्या चढावर इंजिन जाईना, तेव्हा सगळ्या माणसांनी डब्याला खांदे लावले. मीही लावला. टोप्या काढलेल्या, नुसता श्वासांचा आवाज. तुझ्या भागावर आलो तेव्हा मी ठोकरीची वाट बघत होतो. एकही आली नाही. उन्हानं तुझी प्रत्येक फट बरोबर मिटवली होती. डब्याचे पडदे हललेसुद्धा नाहीत. माझ्या खांद्याला ते कळत होतं आणि मला एवढा अभिमान वाटला, आणि तो सांगायला तू नव्हतास.

तेरा दिवसांनी ते गेले. गावात अजून कोणी मोठ्यानं हसत नाही. पण त्यांना समुद्र दिसला, आणि दारापर्यंत आपण त्यांना दुखू न देता नेलं, एवढं आपल्या गावाकडून झालं.

नंतर रूळ उचलायचं काम माझ्याकडेच आलं. अगदी शेवटच्या सांध्यातून, बंगल्याच्या दारापाशी, तुझी पट्टी निघाली. मी तुला हाकललं म्हणून काढायची राहून गेली होती. दोन्ही रुळांच्या टोकांनी ती कागदासारखी चेपली आहे, लोखंडाचे दात उमटले आहेत. बोट फिरवून बघ. जपून, कड धारेची आहे. ती या पाकिटात आहे. पाकीट जड झालं म्हणून तिकीट जास्त लावलं आहे, तरी टपालवाला कटकट करेल.

रविवारी मी उभा राहून हे सगळं सांगणार आहे. वळणाचंही. डिनीला हा बेत सांगितला, तर म्हणाला, "सांगा, पण तुम्ही मध्येच खोकाल. मी शेजारी बसतो, पुढचं मी सांगेन." तू आलास तर तो उठून तुला जागा देईल. नाही आलास तरी मी सांगणारच, तुझ्या येण्यासाठी नाही. गावाला खरं कळलं पाहिजे की जनरलसाहेबांचा रूळ कोणी राखला.

पण ये. सदरा तरी घेऊन जा.

तुझा बाप, आणि त्या रात्री तुझ्या हाताखाली असायला हवा होता असा एक गडी,

एनॉक वॉर्डेल