चेहऱ्यावरचा पुठ्ठा

६ ऑक्टोबर १९९२, बर्मिंगहॅम

अ‍ॅलीनकाकांची खोकी एकदाची आली. सात खोकी निगेटिव्ह, तीस वर्षं जिन्याखाली पडून ओल खाल्लेली! बार्बाडोसहून इथे आलेलं जवळजवळ प्रत्येक माणूस काकांच्या स्टुडिओत एकदा तरी उभं राहिलंय. फोटो काढायचा आणि घरी पाठवायचा.

इशरत खोक्यांभोवती नुसती नाचत होती. आपल्या काळ्या-सावळ्या छायाचित्रकारांना कुणी भिंत देत नाही म्हणून तिने ही संस्था काढली. आता भिंत आहे, पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे. चाळीस प्रिंट मी काढायचे आणि काकांनी बघून सही द्यायची.

९ ऑक्टोबर

आई सापडली. पाकिटावर पेन्सिलीने लिहिलंय— मिस आयव्ही गिटेन्स, १९६१.

हाच फोटो घरी बाहेरच्या खोलीत आहे. बार्बाडोसला आजीला पाठवलेला, आजी गेल्यावर परत आलेला. मला तो कधीच आवडला नाही. आई त्यात दूध जास्त झालेल्या चहासारखी दिसते. माझी आई अशी नव्हती. फेब्रुवारीत ती गेली, तेव्हापासून तर मी त्याच्याकडे बघतही नाही. तिचा दुसरा तरुणपणीचा फोटोही नाही.

१३ ऑक्टोबर

गौडबंगाल कळलं. खोक्याच्या तळाशी एक तार निघाली, टोकाला नाण्याएवढा गोल पुठ्ठा चिकटवलेला. प्रिंट काढताना काका तो चेहऱ्यावर धरायचे. उजेड अडला की चेहरा उजळ उतरतो. म्हणजे सगळ्यांनाच उजळून काढलं त्यांनी! आपल्याच माणसाने!

मी पुठ्ठा धरणार नाही.

१४ ऑक्टोबर

आज आईचा प्रिंट. ट्रेमधल्या रसायनात ती हळूहळू वर आली. काळीभोर, कपाळावर चमक. तशीच, माझी आई होती तशी. दार लावून रडून घेतलं.

डाव्या डोळ्याखाली ओलीचा डाग होता, तेवढा खटकत होता. पुन्हा प्रिंट काढताना तेवढ्यापुरता तीन सेकंद पुठ्ठा धरला. गेला.

२४ ऑक्टोबर

काका आले. शहाऐंशीचे आहेत, तरी टाय बांधून. सोबत नारळाचा पाव. चाळीस प्रिंट टेबलांवर मांडले होते. काठी टेकत पहिल्या रांगेपाशी गेले आणि तिथेच थांबले.

“हे माझे नव्हेत.”

“तुमच्याच निगेटिव्ह आहेत, काका.”

“निगेटिव्ह माझ्या. फोटो तुझे.”

मग मला राहवलं नाही. म्हटलं, तुम्ही आपल्या लोकांना गोरं करून घरी पाठवलंत, लाज नाही वाटली? काकांनी टोपी घातली आणि निघाले. पाव तसाच राहिला.

इशरत म्हणाली, “मार्वा, तुझी जीभ एक दिवस आपलं दुकान बंद करणार.”

२५ ऑक्टोबर

सही नाही तर प्रदर्शन नाही. संस्थेच्या वकिलाने स्पष्ट सांगितलंय.

२८ ऑक्टोबर

शेवटी मीच त्यांच्या घरी गेले. माफी मागायचं मनात नव्हतं, पण मागितली.

त्यांनी चहा ठेवला. म्हणाले, “तुझी आजी फोटो कशापुढे धरायची, माहीत आहे? रॉकेलच्या दिव्यापुढे. तिला मोतीबिंदू. तू काढलेस तसे पाठवले असते, तर म्हातारीला नुसते दात दिसले असते. त्या बायांना आपली पोरं दिसायला हवी होती. तुझ्या भिंतीवर दिवे आहेत, पोरी. त्यांच्याकडे नव्हते.”

इतकी वर्षं मी त्या फोटोवर चिडून होते आणि हे साधं कारण कधी डोक्यातच आलं नाही. लाज वाटली मला, खूप.

कागद पुढे केला नव्हता, त्यांनीच मागितला आणि सही केली. “लाव तुझेच. पण माझा पुठ्ठाही शेजारी टांग, कशाला होता ते लिहून.” मग म्हणाले, “आयव्हीचा त्या दिवशी बघायचाच राहिला. घेऊन ये.”

३१ ऑक्टोबर

नेला. खिडकीपाशी धरून बराच वेळ बघत राहिले. “डोळ्याखालचं कुठे गेलं?”

“ओलीचा डाग होता, काका. काढला मी.”

“ओल कसली? आदल्या शनिवारी बसथांब्यावर कुणीतरी बाटली मारली होती तिला. मी म्हटलं, सूज उतरू दे, मग ये. तर म्हणाली, फोटो उशिरा गेला तर आईला शंका येईल. फक्त हे दिसू देऊ नका. तिच्या वेळी पुठ्ठा जरा जास्तच धरला होता मी.”

आजीपासून लपवलं तिने. माझ्यापासूनही, तीस वर्षं. शेवटी त्या ट्रेमध्ये तिने मला दाखवलं आणि मी ते माझ्या हाताने पुसलं. तीन सेकंदांत.