पोकळ झाडं

प्रिय दादा,

गेल्या महिन्यात एका सकाळी देवापुढे हात जोडले आणि कुऱ्हाड घेऊन राईत गेलो. तू ठरवलेल्या गिऱ्हाइकाला कुठली झाडं पाडायची त्याच्या खुणा करून हव्या होत्या. ओढ्याकाठच्या थोरल्या झाडावर सवयीने कुऱ्हाडीची पाठ ठोकली. आवाज पोकळ आला. खुणेसाठी चुना उचलला, तोच आतून कुणीतरी टकटक केलं. दोनदा. खोटं सांगत नाही.

मागे ओढ्यापलीकडच्या अभयारण्याची राखणदार बाई उभी होती, पाखराच्या मागावर आलेली. काका, दार वाजवलंत तर आतली मालकीण विचारणारच की कोण आलंय, म्हणून हसली. मग माझ्या हातातल्या कुऱ्हाडीकडे नि चुन्याकडे बघितलं आणि हसू मावळलं तिचं. आत धनेश पाखराची मादी आहे, म्हणाली. ती ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. तीन-साडेतीन महिने नर फळं आणून भरवतो. नराला कुणी मारलं, तर आतलं सगळं कुटुंब उपाशी मरतं. म्हणून अभयारण्यात ढोलीच्या दर झाडाखाली पहाटेपासून एक माणूस बसतो, आणि त्याचा पगार देणग्यांतून होतो. कुणी निवृत्त पोस्टमन पाठवतो, कुठल्या शाळेतला एक वर्ग मिळून पाठवतो. न बघितलेल्या पाखरासाठी कोण देतं, असं मी विचारलं. तर म्हणाली, तुम्ही रोज देवाला हात जोडता, तो तरी कधी दिसलाय का?

तिने सांगितलं, जंगल आहे, फळं आहेत, पण ढोल्याच उरलेल्या नाहीत. दादा, त्या कुणी संपवल्या ते तुला-मला माहीत आहे. भरीव वाजेल ते ठेवायचं, पोकळ वाजेल ते पाडायचं, ही बाबांची शिस्त. किती वर्षं पाळली आपण! आणि लोक वर आपली राई नीटनेटकी म्हणून नावाजायचे. बाबा लाकडापुरते बरोबरच होते.

मला आधी वाटलं, हाताला सुतारकी आहे, तीच देऊ. घरच्या फळ्यांच्या आठ पेट्या करून अभयारण्यात टांगल्या. दोन पेट्यांत मधमाश्या शिरल्या, एकीत खार, बाकीच्या रिकाम्या. घरी आमची ही म्हणाली, पाहुण्यांना घर पसंत नाही, सुतार बदला.

एक गोष्ट आपण दोघांनी कधी बोलून दाखवली नाही. तू एकोणीस वर्षांचा होतास, मी पंधराचा. वरच्या बांधाचं झाड पाडलं आणि फुटलेल्या बुंध्यातून एक मोठं पाखरू बाहेर पडलं. पंखांत पिसं नव्हती, बाजूला दोन पिल्लं. रोगट आहे, हात लावू नकोस, असं तू ओरडलास. आपण त्यांच्यावर पाला ओढला आणि घरी कुणाला सांगितलं नाही. तू त्या दिवशी जेवला नाहीस, हेही मला आठवतं. परवा मी त्या बाईला आडून विचारलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट असल्यासारखं. ती म्हणाली, ढोलीत बसल्यावर मादीची पिसं झडतातच, पुन्हा येतात. तिला रोग नव्हता, दादा. ती धडधाकट होती. तुझ्यावर ढकलत नाही मी. कुऱ्हाडीचा शेवटचा घाव माझा होता.

गिऱ्हाइकाला दोघांचे वाटे एकत्रच हवेत, आणि त्या पैशांवर तुझ्या घराचं ठरलंय, हे मला ठाऊक आहे. तू म्हणशील, धाकट्याचं डोकं फिरलं. तुझ्या वाट्याचं तू काय करायचंस ते मी सांगणार नाही. पण काल कचेरीत जाऊन माझ्या वाट्याच्या राईचं बक्षीसपत्र मी अभयारण्याच्या नावे केलं. एकच अट घातली, पोकळ झाड पाडायचं नाही. कारकुनाला वाटलं मी चुकून बोललो. पोकळ की भरीव, असं त्याने दोनदा विचारलं. साक्षीदार म्हणून हिची सही आहे. तुला हे गिऱ्हाइकाकडून कळू नये, माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहिलं. रागवायचं तर इथे ये आणि समोर रागव. मी ऐकून घेईन. पण कागद नोंदवून झालाय, आणि तो मी मागे घेणार नाही.

तुझाच,
धाकटा