बिनअंगठीचा हात

टेलेव्हिक, मिनेसोटा
९ ऑक्टोबर १९२२

चि. हाल्वर यास गुद्रुनताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

शनिवारी तुझा हात गावात आला. बाकीचा तू न्यूयॉर्कातच राहिलास, पण हाताचं स्वागत बिशपसाहेबांचंही झालं नव्हतं असं झालं. आमच्या ह्यांनी थिएटरच्या दारावर पाटी लावली होती की टेलेव्हिकचा सुपुत्र पडद्यावर पाहा. सुपुत्राचा फक्त हातच दिसणार आहे हे काही पाटीवर लिहिलं नाही, शेवटी धंदा आहे.

मी नेहमीसारखी पियानोवर होते. कोट घातलेला तो जाडजूड गृहस्थ टेबलाशी येऊन बसतो (तेच तुझे कार्टूनपटवाले मालक ना?), आणि मग कागद जवळून दिसतो तेव्हा त्यावर चित्र काढणारा हात असतो सडपातळ, लांब बोटांचा, वाकड्या करंगळीचा. गोठ्याच्या दारात तुझी करंगळी मीच चेमटवली होती, ती मी ओळखणार नाही तर कोण? सगळं थिएटर हाल्वर, हाल्वर म्हणून ओरडलं. एवढ्या लठ्ठ माणसाला इतका किडकिडीत हात कसा, हे कुणाला खटकलं नाही. मग दौतीतून तो शाईचा बोकड निघाला आणि त्यानं मालकांचा खराखुरा टाय खाल्ला. चितारलेल्या बोकडानं खरा टाय! हसण्याच्या नादात माझे दोनचार सूर भलतीकडे गेले.

आता मुद्द्याचं. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी तुझे भावी सासरे त्वेटकाका शेजारी येऊन बसले. कॉफीत साखर ढवळली. मग म्हणाले की हात छान आहे, पण अंगठी कुठाय? हाल्वर, मी किटली आणायला उठून गेले. जूनमध्ये साऱ्या गावासमोर त्यांच्या सिग्नेनं ती तुझ्या बोटात घातली. आपल्या नॉर्वेजियन लोकांत साखरपुड्याची अंगठी उजव्या हातात, आणि चित्र काढतोस तोही उजवाच. डावखुरा असतास तर निभावलं असतं. खरं काय ते उलट टपालानं कळव.

लोभ अंगठीवर अवलंबून नाही, पण ती घालत जा.
तुझी
गुद्रुनताई


ब्रुकलिन
१६ ऑक्टोबर १९२२

ती. गुद्रुनताईस हाल्वरचा, अंगठीसकट, शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहितोय त्या हातात अंगठी आहे. शाईनं काळी पडलीय, पण आहे. आणि काढायची म्हटलं तरी निघत नाही, कारण घरमालकीणबाई बटाट्याचे डंपलिंग फार करतात.

गंमत ऐक. पडद्यावरचा हात माझा आहे, पण तो हात नव्हे, कागद आहे. मार्चमध्ये मालकांनी माझ्या हाताचे फोटो काढले: एक पेन धरलेला, एक रबर धरलेला, एक नुसता उघडा तळवा. ते कापून पुठ्ठ्यावर चिकटवले. आता चित्रावर पुठ्ठ्याचा हात ठेवायचा, कॅमेऱ्याची दांडी एकदा फिरवायची, हात केसभर सरकवायचा, पुन्हा दांडी. खरा हात इतका वेळ जागच्या जागी धरला तर थरथरतो, कागद थरथरत नाही, आणि मालक म्हणतात की कागद पगारवाढही मागत नाही. मालकांची बोटं गाजरासारखी असल्यामुळे हे भाग्य माझ्या हाताला लाभलं.

तर मार्चमधल्या हातात जूनमधली अंगठी येणार कुठून? एवढं त्वेटकाकांना नीट समजावून सांग. शहाणे आहेत, पटेल त्यांना. सोबत माझ्या अंगठीवाल्या हाताचा ताजा फोटो पाठवतोय. सिग्नेला सांग की मी तिलाही लिहिलंय, पण तिचं उत्तर नाही.

तुझ्या लोभाचा भुकेला (डंपलिंगचा नव्हे),
हाल्वर


टेलेव्हिक
१३ नोव्हेंबर १९२२

चि. हाल्वर यास अनेक आशीर्वाद, आणि या खेपेला त्यांची गरजही आहे.

तळघरात सगळ्यांसमोर तुझं पत्र वाचून दाखवलं. मी वाचायला नको होतं.

दौतीतून बोकड निघतो हे आपल्या गावाला कबूल आहे. तो टाय खातो, मालकांच्या टोपीत लपतो, हेही कबूल. पण हात हा हात नसून कागद आहे म्हटल्यावर सगळे माझ्याकडे अशा नजरेनं पाहू लागले की जणू मीच दौतीतून निघाले. त्वेटकाका म्हणाले की बोकड खोटा आहे हे सांगायला त्यांना न्यूयॉर्कच्या पत्राची गरज नाही, पण हात हलताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. मी फोटो पुढे केला. तर म्हणे फोटोचं काय, फोटोपुरती कुणीही अंगठी घालील. हलतं ते खरं आणि स्थिर ते खोटं, असा एकंदर निवाडा झाला. लोणीघरात रोज हजारो पौंड लोणी तपासणाऱ्या माणसापुढे मी काय बोलणार?

त्यातून परवा तुमचा दुसरा बोकडपट आला. पुन्हा बोडका हात. त्वेटकाकांचं म्हणणं, एकदा विसरतो तो माणूस, पुन्हा विसरतो त्याची लबाडी. नाताळापर्यंत पडद्यावरच्या हातात अंगठी दिसली नाही तर सोयरीक मोडली म्हणून समजा, असं त्यांनी मला बजावलंय.

सिग्ने तुला लिहीत नाही, कारण बापानं तिला तशी शपथ घातलीय. पण ती प्रत्येक खेळाला येते आणि माझ्या पियानोजवळच्या खुर्चीवर बसते. तुझा हात दिसला की स्वतःचा हात मांडीवर पालथा टाकते. तोच तो, लहानपणी तव्यावर टेकून भाजलेला, अंगठ्याजवळ डाग असलेला. मला म्हणाली, तिचा तुझ्यावर विश्वास आहे, पण महिनामहिना नुसत्या विश्वासाकडे बघत बसणं जड जातं. मला त्या पोरीची दया आली. तू इकडे येऊन हात दाखवून का जात नाहीस?

लोभ आहे, धीर मात्र संपत चाललाय.
गुद्रुनताई


ब्रुकलिन
२४ नोव्हेंबर १९२२

ती. गुद्रुनताईस कृ. सा. न.

रजा नाही. मालक म्हणाले की बोकड दर महिन्याला झालाच पाहिजे, लग्न कधीही होऊ शकतं. नवे फोटो काढा म्हणालो, तर म्हणे चालत्या हाताला खीळ घालू नये. अंगठी पाहून प्रेक्षक विचारतील की हा चित्रकार कुणाचा नवरा, आणि मग बोकडाकडे कोण बघणार? पुढे तर असंही म्हणाले की जायचं असेल तर खुशाल जा, हात इथेच राहील. ताई, माझ्यावाचून माझ्या हाताचं अडत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

पण काळजी सोड. मी युक्ती केलीय. मालक जेवायला गेले असताना पेनवाल्या कागदी हाताच्या बोटावर मी बारीक कुंचल्यानं अंगठी रंगवली. अशी सुबक, अशी चकाकणारी, की खरीपेक्षा खरी. तीन दिवस त्याच हातानं काम झालं आणि मालकांच्या लक्षातही आलं नाही. नाताळाच्या आत चित्रपट तुमच्याकडे पोचेल. त्वेटकाकांना पहिल्या रांगेत बसव, आणि सिग्नेला सांग, मांडीवरचा हात सुलटा कर.

लोभ द्विगुणित व्हावा, कारण आता मी तो कमावलाय.
विजयी
हाल्वर


टेलेव्हिक
१८ डिसेंबर १९२२

हाल्वर,

आशीर्वाद आहेतच, ते मागाहून घे. आधी हे वाच, आणि बसून वाच.

त्वेटकाकांना मी पहिल्या रांगेत बसवलं. जवळ सिग्ने. हात आला, पेन आलं, आणि बोटात अंगठी! थिएटरात टाळ्या पडल्या. त्वेटकाकांनी घसा खाकरला आणि सिग्नेच्या पाठीवर थाप मारली. मी आनंदानं बोकडासाठी लग्नाची गत वाजवायला घेतली.

मग त्या हातानं रबर धरलं, आणि अंगठी गायब. पुन्हा पेन, पुन्हा अंगठी. लोक कुजबुजायला लागले. आणि मग, अरे शहाण्या, मग त्या पेननं एक तोकड्या झग्यातली नाचरी काढली. ती कागदावरून उठली, तुझा हात उघडा होऊन पुढे आला, ती त्या तळव्यावर चढून नाचायला लागली, आणि त्या हातात अंगठी नाही! नाच संपला, नाचरी दौतीत उतरली, आणि लगेच अंगठी हजर!

असली सोयीची अंगठी टेलेव्हिकनं आजवर पाहिली नव्हती. माझा पियानो थांबला. त्वेटकाका उभे राहिले, टोपी घातली आणि भर खेळातून निघून गेले. मला कळतंय रे, तू एकच कागद रंगवलास आणि बाकीचे दोन विसरलास. पण हे मी आता कुणाला सांगू? सकाळी ते सिग्नेची अंगठी माझ्या टेबलावर ठेवून गेले. मी ती साखरेच्या बरणीत टाकलीय आणि भांडी घासता घासता रडतेय.

गुद्रुनताई

ता. क. अंगठी बरणीत नाही. सिग्ने आली होती, कॉफी पिऊन गेली. बापाला म्हणे सांगून ठेवलंय की नाताळाला ब्रुकलिनच्या मावशीकडे जाते. एवढंच बोलली की कागदाचा हात एकदा हातात घेऊन बघायचाय.


ब्रुकलिन
२९ जानेवारी १९२३

ती. गुद्रुनताईस हाल्वर व सौ. सिग्ने यांचे शि. सा. न. वि. वि.

'सौ.' वाचून दचकू नकोस, सगळं रीतसर झालंय. इथल्या नॉर्वेजियन चर्चमध्ये, मावशी साक्षीला.

स्टेशनावरून ती मावशीकडे गेलीच नाही, तडक आमच्या स्टुडिओत आली आणि मालकांना म्हणाली की तो हात दाखवा. मालक घाबरले, त्यांना वाटलं वसुलीवाली आहे. तिन्ही हात तिनं टेबलावर ओळीनं मांडले. तळव्यावरचा नाच म्हणे मी अंगठी रंगवण्याच्या आधीच्याच आठवड्यात मालकांनी स्वतः चित्रित करून ठेवला होता, मला पत्ता नाही. आमच्याकडे शेवट आधी आणि सुरुवात नंतर असंच चालतं. सिग्नेनं तिन्ही कागद उलटसुलट केले, मग माझा हात ओढून घेतला, अंगठी फिरवून पाहिली, ती हलेना. मग ती इतकी हसली की मी हसलो, आणि मग ती रडायला लागली. ताई, मी तिच्याइतकं कुणावर प्रेम केलेलं नाही, आणि हे तिला स्टुडिओतल्या सगळ्या लोकांसमोर सांगून मोकळा झालो.

तिच्या बापाचं उत्तर नाही. ती दर आठवड्याला लिहिते, आणि पाकिटं न फोडता परत येतात. पोस्टमन आला की स्वयंपाकघरात जाते.

मालक मात्र खूश आहेत. पुढच्या चित्रपटात बोकडाची शिंगं धरून त्याला दौतीत कोंबणारी बाई हवी होती, त्यांनी सिग्नेचा हात पसंत केला. फोटो काढून कापू या म्हणाले, तर तिनं साफ नकार दिला. म्हणाली, तिच्या घराण्यात एक कागदी हात पुरे झाला. म्हणून तिचा खराच हात चित्रित केला, लग्नाच्या अंगठीसकट. माझा मात्र तोच जुना, मार्चमधला.

लोभ दोघांच्या वाटणीचा पाठव.
तुझे
हाल्वर, सिग्ने


टेलेव्हिक
९ एप्रिल १९२३

चि. हाल्वर व चि. सौ. सिग्ने यांस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुमचा चित्रपट लागला. त्वेटकाका येणार नाहीत याची मला खात्री होती. ते आले, पण शेवटच्या रांगेत, टोपी न काढता.

तुम्ही दोघांनी काय करून ठेवलंय ते तुम्हाला कळलंय का? सिग्नेचा हात येतो, तव्याचा डाग, लग्नाची अंगठी, सगळं गाव ओळखतं. ती बोकडाला दौतीत कोंबते, झाकण लावते, आणि मग तुझा तो मार्चमधला हात पुढे येऊन तिच्या हातावर विसावतो. बोडका! लग्न झालेल्या बाईच्या हातावर बिनअंगठीच्या पुरुषाचा हात! तळघरात आठवडाभर दुसरा विषय नाही. काहींच्या मते तू लग्नानंतरही सुधारला नाहीस, काहींच्या मते तो तू नव्हेसच. मी समजावणं सोडून दिलंय.

खेळ संपला, लोक गेले. मी पियानो बंद करत होते तर त्वेटकाका आले. मला वाटलं, आता कान उपटणार. तर ह्यांना म्हणाले की तो शेवटचा तुकडा पुन्हा एकदा दाखवता येईल का? ह्यांनी दाखवला. पुन्हा मागितला, पुन्हा दाखवला. तुझ्या हाताकडे त्यांनी पाहिलंही नाही. म्हणाले, पोरीचा हात वाळलाय, तिथे लोणी बरं मिळत नसेल.

मग टोपी काढून हातात घेतली, आणि मला अगदी हळू आवाजात विचारलं की हा हात तरी खरा आहे ना, का हाही कागदाचाच?

मी म्हटलं, खरा आहे, काका. एवढ्यावर त्यांनी माझं ऐकलं. उद्याच्या टपालानं लोण्याचा डबा निघेल, पत्ता ते माझ्याकडून लिहून घेऊन गेलेत.

लोभ इकडून आहेच, आता त्वेटकाकांकडचाही आला आहे असं समजावं.
तुमची
गुद्रुनताई