सोबतीचा रकाना

३ जून, सोमवार

आले एकदाची! मिनीबसमध्ये सात तास मांडीवर परक्या बाईची कोंबडी आणि पायाशी माझ्या प्रश्नावल्यांचं खोकं. उतरताना कोंबडीवालीने बजावलं, खोकं विसरलीस तरी चालेल, कोंबडी तेवढी देऊन जा. म्लाम्बेचं मिशन रुग्णालय तळ्याच्या इतकं काठावर आहे की वॉर्डाच्या मागच्या दारातून वाळत घातलेली मासळी दिसते. खोली लहान, पण माझ्या एकटीची. खिडकीला जाळी आहे, दाराला कुलूप आहे, अजून काय हवं?

वॉर्डाच्या मुख्य सिस्टर चिमोम्बो यांनी टोमण्यानेच स्वागत केलं. म्हणाल्या, आम्ही नर्स मागितली होती, विद्यापीठाने वही पाठवली. मी म्हटलं, सकाळी नर्स, दुपारी वही. तेव्हा कुठे हसल्या. साठ खाटांना दोन नर्सा आहेत, बाकी सगळं सोबतिणींच्या जिवावर. आई, बहीण, मावशी, कुणीतरी रुग्णाबरोबर येते, इथेच राहते, मागच्या चुलखणात रांधते, त्याला धुते, पुसते, भरवते. पाच महिने मला ह्याच बायकांचा अभ्यास करायचा आहे. त्या नसतील तर हे रुग्णालय दुपारपर्यंतसुद्धा चालणार नाही, आणि एकाही अहवालात त्यांचं नाव नाही.

५ जून

आज स्वतःचं काम उरकलं. सहा वर्षं मी एचआयव्हीच्या गोळ्या घेते आहे, एक दिवस चुकवलेला नाही, तब्येत ठणठणीत. ब्लँटायरच्या दवाखान्याचं पत्र दाखवून इथे नवं कार्ड उघडायचं होतं. कारकून काफुवा म्हणाले, सोबतीच्या रकान्यात नाव लिहा, त्याशिवाय कार्ड उघडत नाही.

माझं आहे कोण? थोरली बहीण एलुबी, झोम्बाला असते. तिला मी ती बाटली जीवनसत्त्वांची म्हणून सांगितलं आहे. आमची आई ह्याच आजाराने गेली, गावात औषधं पोचायच्या आधी. आठ महिने एलुबीने तिला उचललं, धुतलं, भरवलं. पुरून आल्यावर ओट्यावर बसून म्हणाली, परत कुणाची सोबत करायचं बळ माझ्यात नाही, तियान्जाने. त्यानंतर तिला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

काफुवांनी मान वर न करता विचारलं, कुणी नाही का? मग एनेलेसी लिहा. नातं, मावशी. ज्याला कुणी नाही त्याच्या केसपेपरवर जुना कारकून हेच नाव टाकायचा, मीही टाकतो. रकाना भरला की वरचे साहेब खूश. अख्ख्या जिल्ह्यात एवढी कामसू बाई नाही बघा, असं म्हणून स्वतःच खो खो हसले. मीही हसले आणि लिहिलं. एनेलेसी, मावशी.

११ जून

एकोणीस मुलाखती झाल्या. बायका भारी तोंडाळ आहेत. मी विचारलं, दिवसाचे किती तास सेवा करता? एक म्हणाली, नवरा आहे तो माझा, घड्याळ लावून कोण बघतंय! दुसरी म्हणाली, घरी असताना जेवण आवडत नाही म्हणायचा, आता मुकाट गिळतो. सगळं चुलखण हसलं. मग तीच बाई पदराआड रडली.

चौदा नंबरच्या खाटेची सोबतीण मात्र मुलाखत देत नाही. रुग्ण डोरिका, मासेमारी करणाऱ्याची विधवा, वय चौतीस. इतकं स्वच्छ अंग मी वॉर्डात कुणाचं पाहिलं नाही, नखंसुद्धा कापलेली. सोबतीण निळ्या कापडातली, शांत, हातांना साबणाचा वास. वही दाखवली की नुसती मान हलवते. चुलखणात ती कधी दिसत नाही. मग रांधते कुठे, हे बायकांना विचारलं तर सगळ्या मासळी निवडायला लागल्या.

१४ जून

डोरिकाचा केसपेपर पाहिला. औषध लागू पडलंय, वजन वाढलंय, डॉक्टरांनी तीन आठवड्यांपूर्वीच घरी जायला सांगितलंय. पण ती उठत नाही. चमचा हातात दिला तर बोटं वळत नाहीत. हाडाला, नसांना काही झालेलं नाही, डॉक्टरही चक्रावलेत.

सोबतीच्या रकान्यात लिहिलंय, एनेलेसी, मावशी.

म्हटलं, योगायोग असेल, ह्या नावाच्या ढिगाने बायका आहेत. मग तीन नंबर पाहिला, मग बावीस. तिथेही एनेलेसी. दोघीही कधीच्या बऱ्या झालेल्या, दोघीही पडून.

सिस्टर चिमोम्बोंना विचारलं. त्या पट्ट्या गुंडाळत राहिल्या. म्हणाल्या, वॉर्डाला दोन हात जास्त मिळतायत ना? मग ते कुणाचे हे विचारू नये. तूच लिहिणार आहेस ना की हात कमी पडतात?

राग आला मला. पण सकाळी मीही त्या निळ्या बाईला चौदा नंबरची चादर बदलू दिली होती, आणि बरं वाटलं होतं.

१८ जून

जेवणाच्या सुट्टीत भर बाराला पाहिलं. चौदा नंबरला ती भरवत होती. मी मान वळवली, बावीस नंबरला ती केस विंचरत होती. तीन नंबरला पाठ पुसत होती. तेच निळं कापड, तीच मान. बाकीच्या सोबतिणी खाली बघून आपापल्या माणसांना भरवत होत्या, जरा घाईघाईने.

खोलीवर आले. कुलूप लावलेलंच होतं. आत माझा गणवेश धुऊन, इस्त्री करून खुंटीला टांगलेला. ताटात झाकलेला मक्याच्या पिठाचा गरम न्सिमा आणि पालेभाजी.

फेकून दिलं सगळं. गणवेश मात्र घातला. दुसरा नव्हता.

२० जून

डोरिकाशी बोलले. ती म्हणाली, पहिल्यांदा तिने फक्त पेला धरला हो सिस्टर. मी दमले होते, म्हटलं धर. मग म्हणाली, चमचाही राहू दे. मग केस. मग कूस वळवणं. वाईट नाही ती. माझ्या सख्ख्या सासूने मला अंगणाबाहेर बसवलं होतं, हिने छातीशी धरलं. तिला नको म्हणायला तोंड होत नाही, आणि आता हात होत नाही. घरी दारात दोन पोरं वाट बघतायत माझी.

मी तिचा हात चोळला, तास दीड तास. करंगळी हलली. मग दुपारचं जेवण आलं आणि मला उठावं लागलं.

२१ जून

वॉर्डातून निघताना मागून कुणीतरी माझ्या खांद्यावरची पिशवी हलकेच काढून घेतली. जड आहे, म्हणाली. मी सवयीने थँक्यू म्हटलं.

थँक्यू म्हटलं मी!

२२ जून

सकाळी गणवेशाचं बटण लागेना. अंगठा आणि बोट एकमेकांना भेटतच नव्हते. माझं मीच तपासलं. ताप नाही, सूज नाही, गोळी कधी चुकलेली नाही. हे माझ्या आजाराचं नाही, नक्की. माझा आजार मला चांगला ठाऊक आहे.

काफुवांकडे धावत गेले, म्हटलं, ते नाव खोडा. त्यांनी कार्ड हातातसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, खोडून होत नाही बाई, दोनदा खोडून पाहिलंय, सकाळी परत तिथेच असतं. रकाना रिकामा राहत नाही. त्यात खरं माणूस घाला, ज्याला सगळं ठाऊक आहे, जे स्वतः येऊन सही करेल. एका मुलीची आत्या आली होती तशी, ती मुलगी चालत घरी गेली. बाकीच्यांना कुणी नाही, म्हणून तर तिचं नाव घातलं.

मी ओरडले, हे मला त्या दिवशी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, तुम्ही हसलात, मला वाटलं शिकलेल्या बाईला चालतं.

२३ जून

एलुबीला फोन केला. मक्याबद्दल बोलले. तिच्या गुडघ्याबद्दल बोलले. ती म्हणाली, आवाज का असा गं, आणि मी म्हटलं, तळ्यावरचा वारा लागलाय. ठेवला फोन. भित्री मेली मी!

बटणं त्या निळ्या बाईने लावली. मी डोळे मिटून उभी राहिले.

२५ जून

पाय — उठले आणि खालीच बसले. मला वॉर्डात आणलंय, सोळा नंबर. मधे एक खाट सोडून डोरिका. सिस्टर चिमोम्बो माझ्याकडे बघत नाहीत. पाणी मागितलं तर म्हणाल्या, तुझी सोबतीण आहे ना.

पेन धरवत नाही. पेन्सिल मुठीत धरून लिहिते. ती पाय चेपते आहे. मी नको म्हटलं. ती म्हणाली, किती वर्षं सगळं एकटीने ओढलंस.

खरं आहे ते. म्हणूनच भीती वाटते. कुणी असं म्हणावं ह्याची मी सहा वर्षं वाट पाहत होते.

२६ जून

सांगितलं.

डोरिकाच्या शेजारणीच्या सोबतिणीने फोन कानाशी धरला. सगळं एका दमात सांगितलं, गोळ्या, सहा वर्षं, खोटं. मग एलुबी म्हणाली, गाढवे, जीवनसत्त्वं कुणी अशी घड्याळ लावून खातं का? मला चौथ्याच महिन्यात कळलं होतं. तू सांगशील म्हणून थांबले होते. मी म्हटलं, तूच म्हणाली होतीस, बळ नाही. ती म्हणाली, ते त्या दिवशी नव्हतं गं, त्या दिवशी फक्त. मग आम्ही दोघी रडलो, शेजारणीची सोबतीण पण रडली.

उद्या पहिल्या मिनीबसने येते म्हणाली. येऊन सही करते. शेंगदाण्याची लापशी आणते.

करंगळी हलते आहे! निळी बाई खाटेच्या पायथ्याशी बसून ऐकत होती. माझी उशी सारखी केली.

२७ जून

सात वाजता निघाली. नऊला फोन, मांगोचीचा पूल ओलांडला. पायाचा अंगठा हलतो. डोरिकाला म्हटलं, एलुबीला तुझीही सही करायला सांगते, तिला काय, ओरडेल आणि करेल. डोरिका हसली.

ती सकाळपासून वॉर्डात नाही. एकाही खाटेशी नाही.

बारा.

एक वाजला. स्टँडपासून इथवर दहा मिनिटं —

तीन वाजता फोन. एलुबी. मागे इंजिनाचा आवाज. खूश होती. म्हणाली, मावशी किती मायेच्या आहेत गं, स्टँडवर माझ्या नावाने हाका मारत होत्या. तू बरी झालीस, कामावर गेलीस म्हणाल्या. माझे हात हातात घेतले, म्हणाल्या, आईचं केलंस तेवढं पुरे, आता तू दमू नकोस, मी आहे. इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं, तियान्जाने. लापशी दिलीय त्यांच्याकडे. आता पुलावर आहोत, घरी पोचले की —

परत फीर म्हणून ओरडले. फोन खाली पडला. उचलता येत नाही. शेजारची सोबतीण खाली बघते आहे

आली. एलुबीचं पातेलं तिच्या हातात. झाकण उघडलं. शेंगदाण्याचा वास. भूक लागलीय मला, खूप, तेच वाईट

नको म्हटलं

मान धरलीय, हळू, आईसारखी

पेन्सिल मागते. म्हणते, बोटं दुखतील, तू नुसतं सांग, मी लिहि —