शाळेच्या फॉर्मवरचं ‘नाही’

आये, तुला जाऊन सोळा वर्षं झाली, त्यामुळे तुझ्या नातीला तू पाहिलंच नाहीस. सात वर्षांची झाली. नाक तुझं, हट्टही तुझाच. डाव्या कानाने तिला जन्मापासून ऐकू येत नाही. उजवा चांगला आहे, म्हणून कुणी बोलायला लागलं की ती मान जराशी वळवते आणि नवख्या माणसाला वाटतं, पोर लाजते. गावच्या शाळेत मी बाईंना हे सगळं खरं सांगितलं होतं. त्यांनी महिन्याभरात तिला मागच्या बाकावर नेऊन बसवलं, म्हणे तिला नाहीतरी कुठे कळतंय. पोरांनी ‘बहिरी’ नाव ठेवलं. मग दुसऱ्या एका शाळेत विचारलं. तिथे आधी जागा होत्या, कानाचं सांगितल्यावर त्या भरल्या.

आता वर सड्याच्या माळावर, जिथे तू पावसाआधी लाकडं गोळा करायला जायचीस, तिथे नवी शाळा झाली आहे. आंतरराष्ट्रीय, आणि वर सर्वसमावेशक. म्हणजे ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही अशी मुलं सगळ्यांसोबत एकाच वर्गात. माहितीपत्रकावर चाकाच्या खुर्चीतला एक मुलगा हसतोय. ते बघून माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की याला हसायला कुणी सांगितलं? तुझा जावई पर्यटकांना बोटीतून डॉल्फिन दाखवतो, दिवसभर हसतमुख राहायची त्याला सवय. तो म्हणाला, “तुझ्या दारात देव येवन उभो रवलो तरी आधी तेचे पाय उलटे नाय मां, ता बघशीत.” बघेन. का बघू नये? हा गुण काही मी सासरी येऊन शिकलेली नाही.

लिलावाला तू टोपलीवरची मासळी बघून कधी बोली लावली नाहीस. माझ्या डोळ्यांसमोर ते अजून आहे. तू ओचा खोचून वाळूत बसतेस, कोपरापर्यंत हात टोपलीत घालतेस, तळातला बांगडा ओढून काढतेस आणि अंगठ्याने कल्ला उघडून बघतेस. लाल असेल, म्हणजे ताजा, तरच बोलीला तोंड उघडायचं. “वरसून बघू नको गो. वर सगळेच बरे मांडतत.” मी शाळेतही तेच केलं. तुझ्या नातीला घेऊन गेले आणि मुख्याध्यापिका दारात स्वागताला उभ्या असताना मी इमारतीच्या बाजूला वळले. चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार तिथे होता खरा, पण त्यावर ओळीने झाडांच्या कुंड्या मांडलेल्या. सापडला, म्हटलं, तळातला बांगडा! “मग खुर्चीतला तो मुलगा वर चढतो कसा?” असं मी विचारलं, तेव्हा बाई लाल झाल्या. उद्घाटनाला शोभेसाठी ठेवल्या, नंतर कुणी उचलल्याच नाहीत, म्हणाल्या. पदर खोचून स्वतःच पहिली कुंडी उचलली. मला वाटलं, नाटक. तरी माझा हात दुसऱ्या कुंडीला लागलाच.

मग पाणी प्यायचं निमित्त करून मी मागे गेले. तिथे शाळेची मावशी डबे धूत होती, आपल्याच बाजूची. मी हळूच विचारलं, “मावशी, तसली पोरां खरीच आसत, की फोटोपुरती?”

“आसत मां. एक चेडू बोलणा नाय, सगळा हातान सांगता. माकाय शिकवल्यान,” असं म्हणून तिने ओल्या बोटांनी ओठाशी त्या मुलीची एक खूण केली. “ह्या पाणी.” मला वाटलं, हिलाही पढवून ठेवलंय. तेवढ्यात ती माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, “तू पायरीवरल्या माशेवालीचा चेडू नाय मां? तुझी आवस फुटको बांगडो वर ठेवी. सगळी हसत तिका.”

आये, तिथे त्या नळाजवळ मला तुझा वाटा दिसला, बाजारात विकायला लावलेला मासळीचा ढीग. सगळ्याजणी वाट्यावर मोठी, चकचकीत मासळी वर लावायच्या आणि मऊ पडलेली खाली. तू उलटं करायचीस. पोट फुटलेला बांगडा सगळ्यांत वर. “कालवणाक तोय चलता, पण घेणाऱ्याक दिसाक व्हयो,” म्हणायचीस. मी दहा वर्षांची असताना तू देवळात गेलीस आणि मला बाजाराच्या पायरीवर तुझ्या जागी विकायला बसवलंस. मला बाकीच्यांसारखं हुशार व्हायचं होतं. मी फुटका खाली सरकवला, वाटा एका बाईने झटक्यात घेतला आणि तू आल्यावर तुला ते ऐटीत सांगितलं. तू मारलं नाहीस. एक चांगला बांगडा माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, “जा, तिच्या घराक जा. हो दी आणि तोंडान सांग, मीच लपयलंय म्हणान.” बाजारातून त्या बाईच्या दारापर्यंत मी रडत गेले. तो बांगडा हातात केवढा जड वाटला होता.

आणि त्या दिवशी मावशी हे बोलली तेव्हा माझा फॉर्म आत टेबलावर भरून पडला होता. त्यात एक रकाना होता, मुलाला काही विशेष मदतीची गरज आहे का? मी लिहिलं होतं, नाही. दोन शाळांनी शिकवलेलं शहाणपण. एकदा आत घेतलं की मग हळूच सांगू, असा माझा हिशेब. तुझी नात म्हणजे काही फुटका बांगडा नव्हे, आये. तिला तसं धरून खाली सरकवणारी मीच. शाळेच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घातला आणि माझ्या वाट्यात तळाला काय आहे ते कुणाला दिसू दिलं नाही.

मी परत आत आले तर बाई तुझ्या नातीशी बोलत होत्या, डाव्या बाजूला बसून. पोरीने मान वळवली, मग आख्खी खुर्चीच वळवली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं, उठल्या आणि तिच्या उजवीकडे जाऊन बसल्या. मग मला शांतपणे विचारलं, “यात काही लिहायचं राहिलंय का?” सगळं कळूनही त्यांनी मला वाट करून दिली होती. आणि मी म्हटलं, “नाही.” पोरीने माझ्याकडे बघितलं. ते तिने चांगल्या कानाने ऐकलं होतं.

घरी येताना ती बोटीचं, मांजराचं, कशाचंच बोलली नाही. आज सकाळी मी पुन्हा सड्यावर गेले आणि पहिल्या फॉर्ममध्ये पत्ता चुकीचा पडला असं सांगून दुसरा कोरा मागून आणला. तेही खोटंच. आता पोर अंगणात खेळतेय आणि मी चुलीपाशी बसून तुला लिहितेय. जवळ दुसरा कागद नव्हता, म्हणून त्याच फॉर्मच्या मागे लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता पान भरलं. हा आता शाळेत देता येणार नाही आणि तुला तर कुठूनच पोचणार नाही. उद्या तिसरा मागायला जावं लागेल, आणि कशाला हवा ते तोंडाने सांगावं लागेल. मला भीती वाटतेय, आये. या वेळी हातात द्यायला चांगला बांगडाही नाही.