नऊ छिद्रांचा कागद

ता. ९ मार्च

प्रिय धाकट्या,

तुला आणि घरच्यांना अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. चष्म्यांचं दुकान चालू आहे. काल एका बाईंना तीन फ्रेमा बदलून दिल्या, शेवटी त्या पहिलीच घेऊन गेल्या. अक्षर मोठं दिसलं तर हसू नकोस, पेन जाड टोकाचं आहे. आठ वर्षांनी पत्र लिहितेय आणि पेनाचं काय सांगत बसलेय बघ.

परवा रायफल क्लबवर गेले होते. निम्म्याहून जास्त रायफलींवर आता दुर्बिणी आहेत. तुझ्या दुर्बिणीवरून तुला मी किती छळलं! "डोळे घरी विसरलास का?" म्हणायचे. सहाशे मीटरवर नळीच्या टोकावरच्या साध्या माशीनं नेम धरायचा, तीच खरी नेमबाजी, असा माझा हेका. माशी स्पष्ट, टार्गेट धूसर, हे तुला मीच शिकवलं. तू म्हणायचास, "ताई, मला निदान टार्गेटचा नंबर वाचता येतो. तू डावीकडून मोजतेस." मोजायचेच मी.

त्या दिवसाबद्दल लिहायचंय. टाळत होते.

तू आठवर, मी दहावर. मधलं नऊ बंद होतं, त्याच्या खालच्या खड्ड्यात क्लबचे काका कागद चिकटवत बसले होते. कुणाची तरी गोळी नऊच्या चौकटीला लागली आणि लाकडाची ढलपी उडून काकांच्या गालात घुसली. चार टाके पडले. दोघांनी दहा-दहा गोळ्या मारल्या, पण तुझ्या कागदावर नऊ छिद्रं, माझ्याही नऊच. सगळे म्हणाले, दुर्बिणीतून एवढंसं तर दिसतं, हाच शेजारच्या टार्गेटवर घसरला असणार. तू जीव तोडून सांगत होतास की तुझ्या दोन गोळ्या एकाच छिद्रातून गेल्या. लोक हसले. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "माझी एक वाऱ्यानं बाहेर गेली. तीस वर्षांत मी दुसऱ्या टार्गेटवर मारलेली नाही." क्लबातून तुझं नाव कमी झालं. तू रायफल विकलीस आणि माझ्याशी बोलणं टाकलंस.

तुझा कागद मी उचलून आणला होता. त्याच संध्याकाळी दुकानातल्या भिंगाखाली धरला. मधल्या छिद्राला दोन कडा आहेत, एकीवर एक सरकलेल्या. तुझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला नेम होता तो, आणि मी तो कपाटात कुलूप लावून ठेवला.

त्या वर्षी मला माशीच धड दिसत नव्हती. जगाचे डोळे तपासते, पण स्वतः तक्त्यासमोर उभी राहिले की खालची ओळ तोंडपाठ. दर वेळी मीच मला पास करायचे. एका गोळीला मोजताना एक चौकट चुकले. हे मला नंतर कळलं असं लिहिणार होते, पण खोटं पुरे झालं. गोळी सुटली तेव्हाच कळलं होतं. चष्मेवालीलाच दिसत नाही म्हणतील, याची भीती वाटली. तेवढ्यासाठी तुला खोटं पडू दिलं.

परवा आधी काकांना सांगितलं. गालावरून हात फिरवत म्हणाले, "मी कधी रागावलो होतो त्याच्यावर? मला कशाला सांगता? त्याला सांगा." मग सेक्रेटरींना लेखी दिलं आणि भिंगाखाली कागद दाखवला. माझ्या सहीचं ते पत्र आता फलकावर लावलंय. कागद तुझा आहे, सोबत पाठवतेय.

माझी रायफल क्लबला देऊन टाकली. डॉक्टर म्हणतात, नजरेतला मधला भाग जातोय, कडेकडेचं दिसत राहील. चष्म्यानं होणारं काम नाही हे. मोठं अक्षर आणखी काही महिने वाचता येईल.

पेन नेहमीचंच आहे, धाकट्या.

माफी मागायला तोंड नाही मला. शिव्या दे हवं तर. पण मोठ्या अक्षरात लिही, आणि लवकर लिही. तुझ्या शिव्या मला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायच्या नाहीत.

तुझी,
डावीकडून मोजणारी
ताई